दोन अर्धे डबे

केतकीने बंदुकीच्या दारूचा डबा उघडला आणि तिचं डोकंच फिरलं. काल अर्धा असलेला डबा आज काठोकाठ भरला होता. शेजारचा दुसरा डबा कुणीतरी स्वच्छ पुसून पालथा घातला होता.

“आप्पा, दोन्ही दारू एकत्र केल्यात?”

“दिसायला सारख्याच की. दोन अर्धे डबे कशाला जागा अडवून ठेवायचे?” सासरे निवांतपणे म्हणाले. तिच्या हाती पहिल्यांदा रायफल त्यांनीच दिली होती, त्यामुळे ती आजवर त्यांना कधी उलटून बोलली नव्हती.

आज तिने काडतुसं भरायच्या मापांचं पुस्तक त्यांच्यासमोर आपटलं. “या दारूचं माप या पानावर आहे, त्या दारूचं त्या पानावर. तुमच्या भेसळीचं पान मला काढून दाखवा.”

“पान कशाला लागतंय? दोन्हींच्या मधलं माप धरायचं. थांब, एक भरून मीच चालवून दाखवतो.”

केतकी डबा उचलून तडक अंगणात गेली आणि सगळी दारू तिने शेवंतीच्या वाफ्यात विस्कटून टाकली. आप्पा मागोमाग धावत आले.

“अगं, किती खेटे घालून मिळते ती. सरळ मातीत घातलीस?”

“मातीतच बरी. रायफल फुटली की सगळं तोंडावर येतं, आप्पा.” तिने रिकामा डबा वाफ्यावर झटकला. “मोतीबिंदू काढल्यावर महिनाभर तुमच्या डोळ्यांत थेंब मी घातलेत. ते काय या मधल्या मापासाठी?”