दुसरी चावी

परक्या शहरात मी एकटी राहणार म्हटल्यावर बाबांनी तिथल्या चोऱ्यामाऱ्यांचे आकडे पाठ केले आणि स्वतः घडवलेलं कुलूप घेऊन मला सोडायला आले. चाळीस वर्षं त्यांनी कुलपंच केली. घरची चावी सख्ख्या भावाच्याही हाती दिली नाही. माझ्या खोलीला कुलूप बसवून त्यांनी दुसरी चावी खिशात टाकली. "ही माझ्यापाशी राहील." निघताना जिन्याखाली ते थबकले. भिंतीवर ओळीने खिळे होते आणि त्यांना बिऱ्हाडाबिऱ्हाडाच्या चाव्या राजरोस लटकत होत्या. मी तळमजल्यावरच्या आजींना त्यांच्या भाषेत कारण विचारलं आणि बाबांना सांगितलं, "त्या म्हणतात, कोणी आत पडलं-झडलं तर शेजाऱ्यांनी काय दार तोडायचं?" बाबा एकेक चावी न्याहाळत राहिले. "कुलपं चांगली आहेत गं सगळ्यांची," ते पुटपुटले. मग खिशातली चावी काढून त्यांनी कोपऱ्यातल्या रिकाम्या खिळ्याला अडकवली.