बायकांना ज्यूस

बायकांना ज्यूस, हा कायदा ज्या कुणी केला त्याने कांचनला आयुष्यभर गंडवलं होतं. कुठे लिहिलाय तो कायदा? कुणी सही केली त्यावर? तरी अमेरिकेतल्या या वेस्ट विंडसरमधल्या यच्चयावत मराठी घरांत तो शनिवारी पाळला जातो. पुरुष बेसमेंटमध्ये उतरतात. बायका वर किचनमध्ये वडे तळतात. मग खालून यजमान ओरडतो, "लेडीजना ज्यूस द्या गं कुणीतरी!"

आजचा यजमान प्रताप, म्हणजे कांचनचाच नवरा. तो नेहमीसारखा ओरडला. कांचनने गॅस बंद केला, फ्रिज उघडला आणि मागे दडवलेल्या बाटल्या ओट्यावर मांडल्या.

"हे काय गं?" सुनेत्राने विचारलं. ही कांचनची इथली सगळ्यात जुनी मैत्रीण.

"हार्ड सायडर. सफरचंदाचा. मी केलाय."

"हार्ड म्हणजे?"

"म्हणजे चढतो."

सुनेत्राने आधी ग्लास पुढे केला, मग म्हणाली, "अगं बाई!"

ठिणगी पडली होती ऑक्टोबरात. ती आणि प्रताप एका बागेत सफरचंदं तोडायला गेले होते. बागेच्या काउंटरवरच्या मुलीने हार्ड सायडर चाखायला म्हणून इवलासा ग्लास कांचनपुढे धरला. कांचनने हात उचलला. तेवढ्यात प्रताप म्हणाला, "शी डझन्ट ड्रिंक." मुलीने ग्लास मागे घेतला. कांचन पीत नव्हती, हे खरंच. पण ते सांगायचं कुणी? घर येईपर्यंत ती गाडीच्या खिडकीला डोकं टेकून बसली. प्रतापला वाटलं, दमली बिचारी.

बिचारी दुसऱ्याच दिवशी कामाला लागली. पहिल्या खेपेला सुपरमार्केटचा ज्यूस आणला, यीस्ट घातलं आणि वाट बघत बसली. ढिम्म. एक बुडबुडा येईल तर शपथ. ज्यूस टिकावा म्हणून त्यात आधीच औषध मारलेलं होतं. त्यात यीस्ट कसलं वाढतंय!

दुसऱ्या खेपेला बागेतला ताजा रस आणला आणि वर स्वतःचं डोकं चालवलं. थंडीत इडलीचं पीठ कुठे फुगतं? ओव्हनमध्ये, आतला दिवा लावून. तशीच बरणीही तिने ओव्हनमध्ये सरकवली. सकाळी फेस उतू जाऊन ओव्हनभर पसरलेला, आणि घरात कुजक्या अंड्यांचा वास.

"काय मेलंय का घरात?" प्रतापने नाक धरलं.

"सिंक तुंबलंय."

"प्लंबरला फोन करू?"

"केलाय मी."

फोन केला होता ईशानला. फ्रिस्कोला बसून लेक हसून हसून लोळला. "मॉम, इट्स नॉट इडली! थंड जागेत ठेव ना यार!"

म्हणून तिसरी बरणी बेसमेंटच्या थंड कपाटात गेली, हिवाळी कोटांच्या मागे. झाकणातल्या नळीतून बुडबुडे निघू लागले. गुबुक, गुबुक. दिवसातून चारदा कांचनला कोट हवासा वाटे. कपाटात डोकं घालून ती ऐकत उभी राही. बुडबुडे थांबल्यावर तिने रस सोड्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांत भरला, प्रत्येकीत चिमूट साखर टाकली. रोज बाटली दाबून बघायची. दगडासारखी कडक झाली की फ्रिजमध्ये.

आणि आज तो सायडर बायकांच्या ग्लासांत फसफसत होता. आंबट, बोचरा, आणि घोट गिळल्यावर मागून येणारी सफरचंदाची चव. वडे करपले. कुणाला पर्वा नव्हती.

"खाली बोलू नकोस हं," सुनेत्रा कुजबुजली. "उगाच प्रतापचं तोंड वाकडं व्हायचं. आपण आपलं इथेच गुपचूप पिऊ."

"गुपचूप प्यायला एवढा खटाटोप केला का मी?" कांचन म्हणाली. तिने एक बाटली काखोटीला मारली आणि जिना उतरायला लागली. पार्टी चालू असताना या जिन्यावर तिने कधी पाऊल ठेवलं नव्हतं. स्वतःच्या घरात!

खाली हशा चालला होता. टेबलाच्या मधोमध व्हिस्कीची बाटली देवासारखी मांडलेली. प्रत्येकाच्या हातात सोनेरी ग्लास, त्यात बर्फ. तिला बघून हशा विरला.

"वहिनी, तुम्ही? ज्यूस संपला का?" मोरेश्वरने विचारलं. हा मंडळातला सगळ्यात मोठा पिणारा, निदान त्याच्याच सांगण्यावरून.

"ज्यूस गेला खड्ड्यात. हा हार्ड सायडर आहे. मी घरी केलाय. आम्ही वर पितोय. तुम्हीही घ्या आणि सांगा कसा झालाय."

एकही ग्लास पुढे आला नाही.

"का? बाईने केलेला चालत नाही वाटतं?"

"तसं नाही हो वहिनी," मोरेश्वर कसनुसा हसला. "माझं लिव्हर... डॉक्टरने थेंबसुद्धा बंद केलाय."

"माझ्या बीपीच्या गोळ्या," कोपऱ्यातून संजय पुटपुटला.

प्रताप तर कार्पेटच मोजत होता. कांचनने व्हिस्कीच्या बाटलीकडे नीट पाहिलं. सील शाबूत होतं. तिने प्रतापच्या हातातला ग्लास काढून घेतला आणि घोट घेतला.

कोरा चहा. गार. बिनसाखरेचा.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"मला स्टेंट बसला तेव्हापासून," प्रताप म्हणाला. "आधी मीच एकटा होतो. मग एकेक करत सगळेच... कांचन, प्लीज, वर कुणाला सांगू नकोस."

कांचनने ग्लास टेबलावर आपटला. बर्फ उडाला.

"चहाच प्यायचा होता," ती म्हणाली, "तर आम्हाला वर का बसवलंत? बोला!"