पट्ट्या सुटल्या

लॉस एंजेलिसच्या एका रोजच्या टीव्ही मालिकेत लायल कॉब्रिन सव्वीस वर्षं डॉक्टरचं काम करत होता. कथेत डॉक्टरचा चेहरा आगीत भाजला, आणि तोंडभर पट्ट्या गुंडाळून लायलनं तीन आठवडे नुसत्या आवाजावर घराघरातल्या बायकांना रडवलं.

"चेहरा काय, कुणालाही असतो. खऱ्या नटाचं त्यावाचून अडत नाही," असं तो पट्ट्या बांधणाऱ्या मेकअपवाल्या रोझाल्बाला रोज ऐकवायचा. ती बिचारी मान खाली घालून गाठ मारायची. मालिकेत एकोणीस वर्षं त्याची बायको झालेली मॅरिएट तर त्याचा हात धरून इतकं खरं रडायची, की लायल मनातून सुखावायचा. इतक्या वर्षांनी का होईना, हिला आपली किंमत कळली!

शुक्रवारी पट्ट्या सुटायच्या होत्या. लायलनं केस रंगवले, दात चकचकीत करून घेतले आणि थाटात सेटवर पोचला. पाहतो तर त्याच्या खाटेवर कुणीतरी तोंडाला पट्ट्या बांधून पडलेलं.

"अगं, हा कोण?"

रोझाल्बानं त्याला बाजूला ओढलं. "हळू बोला, कॅमेरा सुरू आहे. तुम्हाला... कुणीच सांगितलं नाही?"

तिकडे मॅरिएटनं शेवटची पट्टी सोडवली. आतून तिशीतला एक देखणा चेहरा बाहेर आला. तिनं तो ओंजळीत धरला आणि घळाघळा रडत म्हणाली,



"अगदी होतास तस्साच आहेस रे!"