चौथ्या पिल्लाचा फोटो

टेबलावर सहा डबे होते आणि अकरा दगड. प्रत्येक डब्यात बॉल पायथनचं, म्हणजे पाळीव अजगराचं, एक पिल्लू. तीन साधी, तपकिरी. तीन सोनेरी, अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक काळ्या रेघा. मिहिरने चौथ्या डब्यातलं जाळीवालं पिल्लू काढून काळ्या मखमलीवर ठेवलं. त्याच्या डोक्याला डावीकडून हिरवा अकीक दगड टेकवला. फोटोत होता, बरोबर तसाच.

दगड बाबांचे. नंदकिशोर पाटबंधारे खात्यात होते तेव्हा त्यांनी ते कालव्यांच्या खोदाईतून उचलले होते, आणि निवृत्तीनंतर मुलुंडच्या बाल्कनीत, फिरत्या ड्रममध्ये आठवडेच्या आठवडे घासून चकचकीत केले होते. कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. खालच्या मजल्यावरून ड्रमच्या आवाजाची तक्रार तेवढी आली. मग मिहिरने पिल्लांचे फोटो त्या दगडांबरोबर काढायला सुरुवात केली. आता नंदकिशोर प्रत्येक फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकत. सापाबद्दल अक्षर नाही. खाली फक्त दगडाचं नाव आणि गाव.

बेल वाजली. गंधाली, त्याची शाळेपासूनची मैत्रीण, कांजूरमार्गहून पिल्लू न्यायला आली होती. चप्पल काढता काढताच तिने टेबलाकडे पाहिलं.

"हाच ना? झकास दिसतोय यार. फोटोतून हललेलाच नाही."

"दमलाय जरा."

"दमायला काय झालं? ऑफिसला जातो?"

ती टेबलाशी उकिडवी बसली. "बाकीचे बघ कसे वळवळतायत. हा कसा, उशी घेऊन पडल्यासारखा. आईला हाच फोटो दाखवला मी. म्हटलं, बघ गं, किती शांत आहे. तेव्हा कुठे ती हो म्हणाली."

मिहिरने सकाळपासून एक वाक्य तयार ठेवलं होतं.

"पाणी देऊ?" तो त्याऐवजी म्हणाला.

तेवढ्यात नंदकिशोर आतून आले. "काय गं, आवडला का दगड?"

"काका, मी साप न्यायला आलेय."

"तो ने गं. पण त्याच्या डोक्यापाशी काय आहे ते बघ आधी. शेवाळी अकीक. जालन्याचा. उजेडात धरला की आत झाडं दिसतात."

"बाबा, राहू द्या."

पण त्यांनी तो उचलून खिडकीकडे धरलाही होता.

पिल्लाचं डोकं डावीकडे कललं. कलत कलत उलटं झालं, हनुवटी वर आली. त्याने मान उचलून सावरायला पाहिलं; डोकं हवेत मळसूत्रासारखं फिरलं आणि पुन्हा मखमलीवर पडलं.

दगडातली झाडं कोणी पाहिली नाहीत. नंदकिशोरांनी तो हळूच खाली आणून होता तिथे परत टेकवला. डोकं थांबलं.

"म्हणजे हे याच्यासाठी होतं," ते म्हणाले.

मिहिरने मान हलवली.

"तिन्ही जाळीवाल्यांना?"

"हो."

"आणि साध्यांना?"

"त्यांना नुसता शोभेला."

"मी ग्रुपवर टाकलेत रे ते सगळे फोटो," नंदकिशोर म्हणाले आणि खुर्चीत बसले.

गंधाली अजून पिल्लाकडेच बघत होती. "पडलं वगैरे का कुठे?"

"नाही. ही जाळी ज्या जनुकामुळे येते, त्याच्यामुळेच तोलही जातो. एक ठेवून दुसरं काढता येत नाही."

"तुला कधी कळलं? अंड्यातून निघाल्यावर?"

मिहिरने मखमलीची एक सुरकुती सारखी केली. "जोडी लावायच्या आधी."

"तरी लावलीस?"

"नक्षी सुंदर येते."

"आणि माझ्या घरी गेल्यावर? तिथे कोण दगड लावणार होतं त्याला?"

मिहिरने अकीक बोटाने जरा आत सरकवला.

"खातं तरी का नीट?"

"खातं. नेम चुकतो. दोन-तीनदा झेप घ्यावी लागते."

"खूप आहे का हे? म्हणजे कमी असतं, जास्त असतं, असं काही असेल ना?" ती त्याच्याकडे वळली. "तू तर सगळंच मोजतोस. डब्यातली हवा मोजतोस, दर रविवारी यांची वजनं घेतोस. शाळेत माझ्या डब्यातले शेंगदाणे मोजायचास. हे कसं मोजतात?"

"उताणं ठेवायचं. किती वेळात पालथं होतं ते बघायचं."

"मग? किती वेळात होतं?"

"बघितलं नाही."

"बाकी सगळं बघितलंस."

"हो."

गंधालीने आपला फोन काढला, त्यात घड्याळ लावलं आणि टेबलावर ठेवला. "मोज आता."

मिहिरने आधी पहिल्या डब्यातलं साधं पिल्लू घेतलं. उताणं ठेवून बोटं काढतो न काढतो तोच ते वळलं होतं. त्याने ते परत ठेवलं, झाकण लावलं.

नंदकिशोर उठले. त्यांनी मखमलीजवळचा अकीक उचलून मुठीत घेतला. मग उरलेले दहाही दगड बाजूला सारले.

मिहिरने चौथं पिल्लू दोन्ही हातांत घेतलं आणि पाठीवर ठेवलं. पोट पांढरं होतं, त्यावर एकही रेघ नव्हती. डोकं आधी एका बाजूला गेलं, मग दुसऱ्या. शरीर वळायचं आणि डोकं मागे राहायचं. गंधालीचा हात आपोआप पुढे आला.

"हात नको लावू," तो म्हणाला.

तिने हात मागे घेतला.

साध्या पिल्लाला एक सेकंद लागला होता. चौथ्याला सव्वीस लागले.