हाजिचांच्या घरचं कापड

जहीरने भाचीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर मोबाइलवर वाचला आणि तिच्या दिवंगत आईच्या नावाशी थांबला. मरहूमा हज्जन नूरजहाँ.

"कासमभाई, 'हज्जन' काढा. आपा हजला कधी गेली?"

आखातात, सालमियातल्या आपल्या लाँड्रीत नूरजहाँचा नवरा कासम शर्टाला इस्त्री करत होता. त्याने इस्त्री उभी केली. यंदा आपण तिच्या नावाने हज करणार, असं त्याने सांगितलं. आपला स्वतःचा कधीच झालाय, तेव्हा गेलेल्या माणसासाठी करायला हरकत नाही. लग्न त्यानंतरच आहे.

जहीरला ते मान्य होतं. सवाब, म्हणजे पुण्य, बहिणीला पोचेल, पण मान कसा पोचणार, असं त्याचं म्हणणं. जो गेला तो हाजी. पत्रिका दापोलीभर वाटायची. लोक तोंडावर काही बोलणार नाहीत, पण मांडवात हसतील. संध्याकाळपर्यंत छापखान्याला कळवायचं होतं.

कासमने पुन्हा इस्त्री उचलली. नूरजहाँने आयुष्यात हजशिवाय दुसरं काही मागितलं नव्हतं. आधी लेक हफिजा लहान होती, मग गुडघे, मग डायलिसिस. दर वर्षी तो म्हणायचा, पुढच्या वर्षी नक्की. ती हो म्हणायची.

काउंटरमागचा स्टूल अजून तिचाच होता. बटणं लावत ती तिथे बसायची आणि मिरसाद आला की चहा मागवायची. मिरसाद मूळचा बोस्नियाचा, सलवातल्या एका शाळेत पोहायला शिकवायचा. हिंदी तो इथल्या दुकानांतच शिकला. पहिल्या दिवशी पावतीसाठी त्याने आडनाव सांगितलं, हाजिच.

"म्हणजे नुसता हाजी नाही, हाजीच," कासम म्हणाला होता, आणि नूरजहाँ ओढणीआड हसली होती.

मिरसादने अर्थ सांगितला. हाजिच म्हणजे हाजीची लेकरं. त्याच्या आजोबांचे आजोबा पायी मक्केला निघाले, तेव्हापासून घराला हे नाव. नूरजहाँ ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावायची. बर्फातली वाट, फाटलेले जोडे, दमास्कसच्या बाजारातले जर्दाळू. तिथवर आलं की मिरसाद घड्याळ बघायचा.

"पुढं काय, मिरसादभाई?"

"पुढं नाव लागलं, भाभी."

एरवी खोदून खोदून विचारणारी नूरजहाँ तेवढ्यावर थांबायची.

त्या पूर्वजाचा हजला नेसायचा इहराम मिरसादने जपून ठेवला होता. दोन पिवळट पडलेली, बिनशिलाईची कापडं. दोन-तीन वर्षांतून एकदा तो ती धुवायला आणायचा. नूरजहाँ मशीनला हात लावू द्यायची नाही. स्वतः धुवायची, सावलीत वाळवायची, मग बराच वेळ मांडीवर घेऊन बसायची. लाँड्रीत इहराम नवे नव्हते. हजहून आलेले लोक आणून टाकायचेच, धुऊन कफनासाठी जपून ठेवायला. कासमचा स्वतःचाही पेटीत तसाच ठेवलेला होता.

दार उघडलं. मिरसाद आत आला, काखेत तेच गाठोडं. नूरजहाँ गेल्यापासून पहिल्यांदाच आणलं होतं.

जहीरला आयता साक्षीदार मिळाला. त्याने पत्रिकेचं सगळं सांगितलं आणि म्हणाला, "तुम्ही तर खानदानी हाजी. तुम्हीच समजवा यांना. मक्का न पाहिलेल्याला कुणी हाजी म्हणतं का?"

मिरसादने गाठोडं नूरजहाँच्या स्टूलवर ठेवलं.

"भाभीने हे पहिल्यांदा धुतलं तेव्हाच मला एकटं गाठून विचारलं होतं," तो म्हणाला. "हाजी आपल्या इहरामातच मातीत जातो. मग हा घरी कसा?"

कासमने गाठोड्याकडे पाहिलं.

"ते दमास्कसलाच वारले. सोबतच्या एकाने हा नेसून त्यांच्या नावाने हज केला आणि कापड घरी आणून दिलं. गावाने हाजी त्यांनाच म्हटलं."

जहीरने मोबाइल खिशात टाकला.

"नूरजहाँला हे ठाऊक होतं?" कासमने विचारलं.

"पहिल्यापासून. म्हणाली, हफिजाचे अब्बा माझ्या नावाने निघतील तेव्हा त्यांना सांगा. तोवर मी जाणार आहे, असंच त्यांना वाटू दे."