खुंटीवरचे कप

विद्यापीठाच्या या राखीव रानात फोन लागत नाही, म्हणून संचालिका लोरेटा यांनी एक रीत पाडली होती. टेकडीवर जाणाऱ्यानं आपला कप खुंटीवरून काढून टेबलावर ठेवायचा आणि परतला की पुन्हा टांगायचा.

वणव्याच्या दिवसांआधी उतारावरचं वाळलं गवत आज आपणच जाळून टाकायचं होतं. लोरेटांनी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. टेबल रिकामं होतं, सगळे कप खुंटीवर.

"ऑगीचा हिरवा कपसुद्धा खुंटीवर?" त्यांनी विचारलं. "एरवी त्याला सरड्यांच्या बिळांपासून ओढून आणावं लागतं."

"जेवणाचा वास लागला असेल त्याला," कोणीतरी म्हणालं.

लोरेटांनी हात वर केला. पायथ्याशी गवत पेटलं आणि जाळ वाऱ्याबरोबर टेकडी चढू लागला.

विद्यापीठाचे डीन पाहणीला आले होते. ते बाही खाली करत व्हरांड्यात आले.

"लोरेटा, रागावू नका, पण तुमच्या माणसांना जरा शिस्त लावा."

 

"तो हिरवा कप टेबलावरच टाकून गेलं होतं कोणीतरी," डीन म्हणाले. "शेवटी मीच विसळून टांगला."