वर्लिनची मदत

१९८४ साल. नेब्रास्कातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांच्या दारात कातरलेली हिरवळ होती. मी मात्र माळावरचं देशी गवत लावलं होतं, कमरेइतकं वाढणारं, थंडीच्या तोंडावर तांबूस होणारं.

"आर्डिथ, माझी गाय सापडत नाहीये. तुझ्या अंगणात बघू का?" शेजारचे म्हातारे वर्लिन रोज विचारायचे.

ऑक्टोबरात माझं ऑपरेशन झालं. कुणी आजारी पडलं की त्याच्या अंगणातलं गवत शेजाऱ्यांनी कापायचं, ही आमच्याकडची रीत. दवाखान्यातून परतले, तर माझी तीन वर्षांची मेहनत बुडापासून कापलेली! मला रडूच आलं.

"अगं, आभार कसले मानतेस!" वर्लिन म्हणाले. "आणि कापलेलं वायाही नाही घालवलं. गारठ्यापासून जपायला अख्ख्या गल्लीच्या फुलांच्या वाफ्यांवर पसरलं."

"बियांसकट?"

"कसल्या बिया?"

माझं गवत वसंतात पुन्हा फुटलं, आणि दोन वर्षांत सगळी गल्ली तांबूस झाली. वर्लिन पुढे लेकीकडे ओमाहाला राहायला गेले.



शेवटपर्यंत दर ऑक्टोबरात त्यांचा फोन यायचा, "काय गं, रंग चढला का आपल्या गवताला?"